न सांगता ओळखणारी डॉक्टरबाई

हसनाबादच्या अक्षता डॉक्टरीण विपश्यनेला जाऊन आल्या, दहा दिवस तोंडातून शब्द काढला नाही, आणि तेव्हापासून त्यांना माणसाचं दुखणं न सांगता दिसतं, अशी बातमी भोकरदनपर्यंत पोचली आहे. बातमी साफ खोटी आहे. बाई कुठंही गेल्या नव्हत्या. चार वर्षांत त्यांनी एका दिवसाची सुट्टी घेतलेली नाही, मग दहा दिवस आणणार कुठून? मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण त्यांच्या दवाखान्यासमोरच माझी पिठाची गिरणी आहे, आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, आणि विपश्यनेची ती पुडी मीच सोडली आहे.

झालं असं, की दळण घ्यायला आलेल्या उषाबाईनं विचारलं, "मच्छिंद्रभाऊ, डॉक्टरीण आजकाल बोलत का न्हाई हो?"

मी म्हणालो, "विपश्यनेला गेल्ती ना. आवाज तिथंच ठेवून आली."

चेष्टा होती. पण पिठासोबत ती घरोघर गेली.

अक्षता म्हणजे आमच्या साहेबराव गुरुजींची लेक. लहानपणी मला पिठानं माखलेला बघून "भूतकाका" म्हणायची. शहरात राहून डॉक्टर झाली, आणि गुरुजींच्या शब्दाखातर अकरा वर्षांपूर्वी गावातच दवाखाना टाकला. आता बाहेरगावच्यांना ती "मॅडम" आहे, मला अजून अक्षीच.

आमच्याकडच्या पेशंटची एक जुनी खोड आहे. तो दुखणं सांगत नाही. खुर्चीत बसतो, हात पुढं करतो आणि म्हणतो, "बघा." काय होतंय विचारलं तर म्हणतो, "तुम्हीच ओळखा की. मंग शिकलात कशाला?" डॉक्टर खरा की खोटा, हे आम्ही असंच पारखतो. सुरुवातीला अक्षी असल्यांशी कडाकडा भांडायची. "मी काय पंचांग उघडून बसलेय का? बोला तोंडानं!" गिरणी चालू असताना तिचा आवाज मला ऐकू यायचा, यावरून काय ते समजा. एका पहिलवान गड्याला तर तिनं सांगितलं होतं, "आठवलं की या," आणि समोर गिरणीतल्या माझ्या बाकावर पाठवून दिलं. अर्धा तास मिशी कुरवाळत बसला बिचारा. शेवटी आत जाऊन मूळव्याध कबूल केली, आणि बाहेरची सगळी रांग हसली. अक्षी सगळ्यांत मोठ्यानं.

ते भांडण कधी बंद पडलं, मला सांगता यायचं नाही. गावात कोणाची सोयरीक कुठं मोडली हे मला त्याच दिवशी कळतं, आणि ही समोरची गोष्ट मला कळली नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर तिचं हसणं कमी झालं, एवढं आठवतं. ते तर सगळ्यांचंच झालं होतं. पुढं ओरडणंही थांबलं. हात पुढं आला की ती मनगट धरायची, नजर कागदावर, दोन-तीन औषधं लिहायची आणि म्हणायची, "पुढचे." विचारणं नाही, भांडण नाही.

लोकांनी याचा अर्थ काय काढावा? बाई पोचली! आता तिला विचारावंच लागत नाही. त्यात माझी विपश्यना पडली आणि रांग दुप्पट झाली. राजूरकडून जीपगाड्या भरून माणसं यायला लागली. जितकी गर्दी वाढली तितकी ती गप्प झाली, आणि जितकी गप्प झाली तितकी गर्दी वाढली. सुरुवातीला मला याची गंमत वाटत होती.

मग एकदा तिची आई बेबीनंदा भिंतीपाशी आली. म्हणाली, "भाऊ, काल हिला जेवायचं ताट दिलं, तर हिनं माझं मनगटच धरलं. मोजून राह्यली. अन् म्हणते, पुढचे."

"मंग औषध कोणतं दिलं?" मी विचारलं.

बेबीनंदा हसली नाही. "ती माझ्या तोंडाकडं बघत होती, भाऊ. पण तिच्या डोळ्यात घरचं कुणी न्हवतं."

त्या दिवसापासून मला दळताना भीती वाटायला लागली. एक बाई विचारत नाही, आणि रांगेतलं एकही माणूस सांगत नाही. कधीतरी कुणाचा तरी जीव या दोघांच्या मधून घसरणार होता.

जानेवारीत, कापसाच्या शेवटच्या वेचणीच्या दिवसांत, तातेराव आले. साठीचे, कधी शिंकसुद्धा न आलेले. दवाखान्यातून कागद घेऊन बाहेर आले आणि माझ्या बाकावर टेकले. थंडीचे दिवस, पण सदरा पाठीला चिकटला होता.

"काय तातेराव, डॉक्टरबाईला बघून घाम फुटला का?"

"अॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या," ते म्हणाले.

"काय होतंय पण?"

"सकाळपून छातीवर जातं ठेवल्यासारखं होऊन राह्यलं. डावा हात जड पडलाय. जबडा बी दुखतो."

"हे बाईला सांगितलं?"

"सांगायचं कशाला? त्या ओळखत्यातच की!"

मी गिरणी तशीच चालू ठेवून पळालो. आत अक्षी एका म्हातारीचं मनगट धरून बसली होती. मी सगळं एका दमात सांगितलं. तिनं मान वर केली आणि मला म्हणाली, "नंबर लावलाय का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पोरीवर ओरडलो. तिचं अख्खं नाव घेऊन ओरडलो. तेव्हा ती उठली.

पुढचं मी दारातून पाहिलं. शीतल नर्सची धांदल उडाली होती, अक्षीची एकही हालचाल चुकली नाही. ईसीजीची पट्टी काढली, गोळी चावायला लावली, गाडी बोलावली, जालन्याला फोन करून सगळं बारीकसारीक सांगितलं. गाडी गेली. ती खुर्चीत बसली आणि त्या म्हातारीला म्हणाली, "हात."

तातेराव वाचले. चौथ्या दिवशी गावात नवी बातमी होती: बाईंना आधीच दिसलं होतं, म्हणून तर त्यांनी तातेरावांना लांब जाऊ न देता समोर गिरणीत बसवून ठेवलं!

मी भागवतच्या चहाच्या गाड्यावर उभा राहून खरं काय ते सांगितलं. बाईला काही दिसत नाही, त्या थकल्यात, तुमचं दुखणं तोंडानं सांगा. विपश्यनाही माझीच थाप होती, हेही कबूल केलं. भागवत गाळणी झटकत म्हणाला, "मच्छिंद्रा, तू जल्मात कधी खरं बोल्ला का? आता बाईचं नाव व्हायला लागलं तर तुझ्या पोटात का दुखून राह्यलं?" सगळे हसले. मी वर्षानुवर्षं याच गाड्यावर लोकांना हसवलं आहे, त्यामुळं तक्रार तरी कोणाकडं करणार?

शनिवारी दवाखान्याच्या ओट्यापासून माझ्या दारापर्यंत माणसं बसली होती. आपापला नंबर येण्याआधीच कित्येकांनी हात उताणे करून मांडीवर ठेवले होते.

दुपारी दोनला रांग थोडी थांबली तशी मी आत गेलो. टेबलावर डबा उघडा होता आणि भाजीवर तेल थिजलं होतं. मी म्हणालो, "अक्षी, चूक माझी बी हाय. पण आता महिनाभर कुलूप लाव. कोणी मेलं तर तू बी संपशील. तातेराव वाचला तेव्हा तरी तुला काही वाटलं का न्हाई?"

तिनं पेनचं टोपण लावलं. बऱ्याच महिन्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"काका, ते वाचले तेव्हा मला बरं वाटलं न्हाई, अन् मेले असते तर वाईट बी वाटलं नसतं. मी कुलूप लावलं तर लोक म्हणतील बाई आणखी वर पोचली, अन् उघडायची वाट बघत तुमच्याच बाकावर बसतील. तुम्हाला सांगायचंच असेल तर बाईला आता काहीच वाटत न्हाई, हे सांगा गावाला, अन् बघा एक तरी माणूस रांगेतून उठतो का. आता सरका, पुढच्यांना येऊ द्या."