उपसलेला हौद

डाव्या अंगावरून वारं गेलं आणि माझ्या बायकोच्या चालण्याला एक आवाज आला. उजवं पाऊल पडायचं आणि डावी चप्पल फरशीवरून घासत मागून यायची. मी घरात कुठेही असलो तरी ती कुठे आहे हे मला त्या घासण्यावरून कळायचं. स्वयंपाकघर, देवघर, मग मागचं दार. मागच्या दाराशी आवाज थांबायचा, कारण तिथे एक पायरी होती आणि ती तिला एकटीने उतरता येत नव्हती.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं, यांना रोज छातीभर पाण्यात चालवा. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, पडायची भीती राहत नाही, पाय उचलायला शिकतो. पहिल्या वर्षात जे परत येईल तेच खरं, पुढे फारसं काही होत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

भोपाळच्या शाहपुऱ्यात, शाहपुरा तलावाजवळ आमचं घर आहे आणि घराजवळच एक क्लब. तिथे पोहण्याचा टँक आहे. क्लबचे सचिव निवृत्त अधिकारी, आपलेच मराठी, मूळचे नागपूरचे. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा त्यांचे वडील आणि माझे वडील एकाच कचेरीबरोबर इथे आले. त्यांचे वडील साहेब होते आणि माझे वडील साहेबांच्या फायली उचलायचे. मी अर्ज घेऊन गेलो. सचिवांनी चहा पाजला, बायकोची चौकशी केली आणि सभासदत्व सध्या बंद आहे म्हणून सांगितलं. त्याच महिन्यात आमच्या गल्लीतला एक डॉक्टर सभासद झाला होता, हे मला ठाऊक होतं. निरोप देताना ते म्हणाले, "वहिनींना तलावाकाठी फिरायला नेत जा. हवा छान असते."

जिला घरातली पायरी उतरता येत नाही तिला तलावाकाठी फिरवा म्हणे. मी गाडीत बसलो तो ठरवूनच. हौद घरीच बांधायचा.

मी लाकडी पेट्यांच्या धंद्यातला माणूस. मंडीदीपच्या कारखान्यांना पॅकिंगच्या पेट्या पुरवतो. सुरुवातीला खिळे स्वतः ठोकले आहेत. या धंद्यात एक गोष्ट शिकलो: समोरचा माणूस अडचण सांगतो तेव्हा तो भाव सांगत असतो. लाकूड मिळत नाही, मजूर गावी गेलेत, असं केलं तर टिकणार नाही, हे सगळं भाव चढवण्यासाठी बोललं जातं. आयुष्यभर माझ्याशी तरी लोक असंच बोलले. ते कानाआड करत करत मी शाहपुऱ्यात घर बांधलं, ज्या शाहपुऱ्यात माझ्या बापाला कुणी भाड्याने खोली दिली नसती.

हौद बांधणारा ठेकेदार गोड बोलणारा, पानाचा शौकीन, अस्सल भोपाळी होता. त्याच्या अंदाजपत्रकातली एकेक बाब मी विचारत गेलो. तळाखाली गिट्टीचा थर, त्यातून नळी, नळीच्या टोकाला बाजूला एक छोटी खोल कुंडी. मी विचारलं, हे दिसणार आहे का? नाही, म्हणाला. मग जे दिसणार नाही त्याचे पैसे कशाला? पेन काढून त्याने त्या ओळीवर रेघ मारली. "जैसी आपकी मर्ज़ी, सेठ जी."

मी अजूनही म्हणतो, त्याने त्या वेळी माझ्याशी भांडायला हवं होतं. माझ्याकडे एखादं गिऱ्हाईक भाव पाडून पातळ फळी मागतं तेव्हा मी त्याला तोंडावर सांगतो, पेटी फुटेल, आत मशीन असेल तर मशीन जाईल. हा गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचं काम कमी होत होतं.

खोदकाम भर उन्हाळ्यात झालं. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत मनगटापर्यंत हात जातो. पण खोल बाजूला खणत गेल्यावर माती ओली लागली, आणि सकाळी बघावं तर तळाशी पाणी साचलेलं. पावसाचा पत्ता नव्हता. मजुरांनी मोटर लावून ते उपसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बायको मागच्या दारात खुर्ची टाकून हे बघत बसायची.

"हे पाणी येतंय कुठून?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तलाव जवळच आहे ना.

"म्हणजे आपण खणतोय हे त्याला कळलंय," ती म्हणाली.

ती चेष्टेत बोलली होती. मी हसलो नाही, कारण मोटरचं भाडं कुणी द्यायचं यावरून तेव्हा माझी ठेकेदाराशी जुंपली होती.

निळ्या टाइल्स लागल्या, पायऱ्यांवर स्टीलचा कठडा बसला, पाणी भरलं. ठेकेदार फिल्टरच्या खोलीची चावी द्यायला आला तेव्हा त्याने देखभालीचा वार्षिक करार पुढे केला. मी नाही म्हटलं. जाता जाता तो म्हणाला, "एक बात याद रखना, सेठ जी. बरसात में इसे खाली मत करना." पावसाळ्यात हौद रिकामा करू नका, हे कराराला नकार दिल्यावर आलेलं वाक्य. मी ते कराराचाच भाग समजलो.

देखभाल मी स्वतः शिकलो. संध्याकाळी क्लोरीन, सकाळी बाटलीत थेंब टाकून पाण्याचा रंग बघणं, जाळीने पानं काढणं, ब्रशने कडा घासणं, वाळूचा फिल्टर तुंबला की त्यातून पाणी उलटं सोडणं. नोकराच्या हातात दिलं नाही. पाणी एक दिवस विसरलं की हिरवी झाक धरतं, हे मला कळलं होतं.

बायको रोज सकाळी उतरायची. पहिल्यांदा माझी दोन्ही मनगटं घट्ट धरून. मग एक. मग नुसता कठडा. श्रावण लागेपर्यंत ती या कडेपासून त्या कडेपर्यंत एकटी चालू लागली. एकदा मी हिशेबाचं काम करत बसलो होतो आणि मान वर केली तर ती समोर उभी. मला आवाजच आला नव्हता. चप्पल घासली नव्हती. मी दचकलो, आणि ती मला दचकलेलं बघून हसत सुटली.

त्या वर्षी पाऊस खूप झाला. काळी माती पाणी पिऊन फुगते, त्यामुळे आमचं मागचं फाटक पावसाळ्यात अडकतं, खांदा लावून उघडावं लागतं. त्या वर्षी ते उघडेचना. हौदाभोवतीच्या फरशीवर काठी आपटली की खालून पोकळ आवाज यायचा. संध्याकाळी बेडूक ओरडायचे, पण हिरवळीवरून नाही, फरशीच्या खालून. बायको म्हणायची, बघा तरी एकदा खाली काय आहे. मी म्हणायचो, पावसाळ्यात बेडूक नाही ओरडणार तर काय कोकिळा ओरडणार?

गणपती आले. दरवर्षी आम्ही विसर्जनाला घाटावर जात होतो. आजारपणानंतर तिला त्या गर्दीत उभं राहणं शक्य नव्हतं. ती म्हणाली, या वर्षी बाप्पाला मी माझ्या हाताने पोचवणार, आपल्या हौदात. शाडूची मूर्ती होती. मी नातेवाइकांना बोलावलं, गल्लीतल्यांना बोलावलं, आणि क्लबच्या सचिवांना जोडीने बोलावलं. ते आले.

आरती झाली. मूर्ती पाटावर ठेवून, पाट दोन्ही हातांवर घेऊन बायको पायऱ्या उतरली. कठडा धरायला हात मोकळा नव्हता. मी पाण्यात तिच्या मागे होतो, पण तिला शिवलो नाही. ती छातीभर पाण्यात मधोमध गेली, तीन वेळा मूर्ती बुडवून वर काढली आणि मग सोडली. सचिव म्हणाले, "आता क्लबची शाखाच इथे काढावी लागेल." सगळे हसले. हे ऐकण्यासाठीच मी त्यांना बोलावलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा सचिवांच्या पत्नीने विचारलं, "अगं, पाट रिकामाच आणलास? माती नाही घेतलीस?"

विसर्जनाहून परतताना पाण्याच्या तळाची मूठभर माती किंवा वाळू पाटावर आणायची असते. ती घरात चार कोपऱ्यांत टाकतात. पाट रिकामा घरात येऊ नये. दरवर्षी घाटावर हे आपोआप व्हायचं. टाइल्सच्या हौदात माती कुठली? कुणी म्हणालं, झाडाच्या कुंडीतली घ्या. बायको म्हणाली, पाण्यातलीच लागते. तिने पाट पुसून देवघरात उभा करून ठेवला, पण त्या रात्री ती नीट जेवली नाही.

सकाळी हौदाचं पाणी दुधाळ झालं होतं. पायऱ्यांवर शाडूचा थर बसून सगळं निसरडं झालं होतं, तळ दिसत नव्हता. अशा पाण्यात मी तिला उतरू देणार नव्हतो. फिल्टर लावला तर तो लगेच तुंबला. दोन-चार दिवस गेले आणि घरात चप्पल घासल्याचा आवाज परत आला. आधी संध्याकाळी, ती दमल्यावर. मग सकाळीही.

ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, तुरटी टाका, आठवडाभर गाळ बसू द्या, मग माझा माणूस येऊन तळ ओढून घेईल. खाली करने का नाम मत लेना. आठवडाभर, आणि वर त्याचा माणूस. मी फोन ठेवला आणि कारखान्यातून चिखल उपसायची मोटर मागवली.

बायको म्हणाली, "राहू द्या हो. गढूळ तर गढूळ. मी कठडा धरून चालते ना."

"घसरलीस म्हणजे?"

"पाण्यात कोण पडतं?" ती म्हणाली. "पाणी धरतं की."

मी मोटर सुरू केली. बाहेर झड लागलेली होती. पाणी नालीकडे जात राहिलं आणि हौद खाली खाली होत गेला. दुपारी तळ दिसायला लागला. खोल बाजूला मूर्तीची माती एका जागी बसली होती, वर विरघळायची राहिलेली थोडी सोंड. बायको दारात आली, हातात तो पाट. म्हणाली, आता ती माती घेते, बरं झालं. मी म्हटलं, मी आणून देतो. ती म्हणाली, ज्याने सोडलं त्यानेच घ्यायची असते. पाऊस तेव्हा भुरभुरच होता. ती कठडा धरून उतरायला लागली, डावा पाय जपून टाकत. मी काठावर मोटरपाशी होतो.

आधी एक टाइल उडाली. टिचकी मारल्यासारखा आवाज. मग दुसरी, मग ओळीने. मला वाटलं मोटरने काहीतरी ओढलं. मग खालून आवाज आला, जड, लांबलेला, भरलेला ट्रक दूरवर गिअर बदलतो तसा, पण पायाखालून. कठडा हलला. मी तिच्याकडे झेपावलो आणि दंड धरून तिला वर ओढलं. पाट तिच्या हातून निसटून खाली गेला. आम्ही दोघं ओल्या गवतावर बसलो आणि समोर हौदाची खोल बाजू जमिनीतून वर आली. फार नाही, वीतभर. पण सिमेंटची एवढी मोठी वस्तू वीतभर वर येताना बघणं वेगळंच. कडेची फरशी उलटी पडली. तळाला आडवी चीर गेली आणि चिरेतून काळं पाणी आणि काळी माती आत यायला लागली, सावकाश, कसली घाई नसल्यासारखी. माती पाटावर चढली.

मी ठेकेदाराला फोनवर वाट्टेल ते बोललो. तो ऐकून घेत होता. मग शांतपणे म्हणाला, भोवतीच्या भरावात पाणी कोंडलेलं होतं, आतलं पाणी त्याला दाबून बसलं होतं, वजन काढलं की रिकामं भांडं वर येणारच. खालची नळी असती तर ते पाणी निघून गेलं असतं. मी म्हटलं, हे तेव्हा का नाही सांगितलंस? "आपने पूछा ही कब?" तो म्हणाला. "आपने तो सिर्फ़ भाव पूछा." मी त्याच्यावर ग्राहक मंचात तक्रार केली आहे आणि ती शेवटपर्यंत लढणार आहे. ज्या माणसाला कारण माहीत होतं त्याने नुसता हुकूम सांगितला, हा त्याचा गुन्हा आहे.

हौद फोडून नवा करायला हवा, असं सगळे म्हणतात. फोडायला मोठी यंत्रं लागतील आणि ती यायला जागा नाही. घराची भिंत जवळ आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर एक बारीक रेघ आली आहे. मी तिच्या टोकाला पेन्सिलने खूण केली होती. रेघ खुणेच्या पुढे गेली आहे.

क्लबच्या सचिवांचा मध्ये फोन आला होता, सभासदत्व आता उघडलंय म्हणून. बायको जायला तयार होती. मी तिला घेऊन गेलो. तोवर ते पहिलं वर्ष उलटून गेलं होतं. फिजिओवाल्या बाई पाण्यात उभ्या राहून तिचा पाय धरून बघत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्या दिवशी मी पाट वर काढला तेव्हा त्यावर आलेली काळी माती बायकोने टाकू दिली नाही. पाण्यातलीच आहे, म्हणाली. तिने ती चार कोपऱ्यांत टाकली आणि उरलेली पाटासकट देवघरात ठेवली. उन्हाळ्यात ती वाळून भेगाळली. काल मी सहज बोट लावलं तर ती मऊ लागली. आज सकाळी मागचं फाटक अडकलं. मी खांदा लावून ते उघडत होतो तेव्हा घरातून घासण्याचा आवाज आला. स्वयंपाकघर, देवघर, मागचं दार. तिथे तो थांबला. मी मागे वळून बघितलं नाही.