पहिला कप

सातासमुद्रापलीकडच्या नेपरव्हिल गावातल्या आमच्या मराठी मंडळावर एकवीस वर्षं राज्य केलं ते शेजारच्या काकूंनी, आणि तेही एकदाही मीटिंगला न बसता. अध्यक्ष काका. मीटिंग त्यांच्याच घरी, डायनिंग टेबलावर. काकू किचनमध्ये. लायब्ररीतून आणलेल्या एका जाड चरित्रात त्यांना युरोपातली कुठलीशी राणी भेटली होती, आणि तेव्हापासून ती त्यांच्या माहेरचीच झाली होती. "राजा नुसता सही करायचा रे. प्रधान कोण हे ही बाई पत्ते खेळता खेळता ठरवायची," असं त्या पोहे परतताना इतक्या अभिमानानं सांगत, की जणू ते पत्ते त्यांनीच पिसले होते.

काकूंची स्वतःची रीत त्याहून साधी होती. वाद पेटला की त्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत आणि पहिला कप ज्याच्यापुढे ठेवत, त्याचं म्हणणं मंजूर. काका कपाकडे बघत, घसा खाकरत आणि म्हणत, "मला वाटतं, यांचा पॉइंट बरोबर आहे." एकदा नागपूरहून नव्यानं आलेल्या एकाला खोकला झाला होता म्हणून काकूंनी आल्याचा चहा आधी त्याला दिला. तो बिचारा जानेवारीत पिकनिक काढू म्हणत होता. झालं, पिकनिक पास! तीस कुटुंबांनी बर्फात उभं राहून हातमोज्यांनी वडापाव खाल्ला. काकू म्हणाल्या, "चुका राणीच्याही व्हायच्या."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दूर अ‍ॅशबर्नला राहणारा त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, आमचं बेसमेंट फिनिश केलंय, खाली छान खोली झालीय, तू इकडेच ये." काकू मला म्हणाल्या, "राजा गेल्यावर आमच्या राणीलाही बागेच्या टोकाला छोटं घर दिलं होतं. मग तिला कोणी काही विचारेना." त्या हसत होत्या, पण मला ते ऐकवलं नाही.

नवा अध्यक्ष निवडायला आम्ही मुद्दाम त्यांच्याच घरी जमलो. इच्छुक दोन. ट्रे आला तसे दोघेही सावरून बसले. काकू क्षणभर थांबल्या आणि रोज सकाळच्या सवयीनं त्यांनी पहिला कप काकांच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. चूक लक्षात येताच त्या कप उचलायला वाकल्या. मग तो नागपूरकरच म्हणाला, "कप ठेवला ना काकू? मग पास! बसा तिथे."

"अरे, राणीला ती खुर्ची नसते," काकू म्हणाल्या.

"काकू, यार, हे नेपरव्हिल आहे," तो म्हणाला. इच्छुकांपैकी एकानं खुर्ची ओढून दिली, दुसऱ्यानं ट्रे हातातून घेतला.

काकूंनी पदरानं डोळे टिपले, मुलाला फोन लावला आणि सांगितलं, "गणपतीपर्यंत तरी मला यायला जमायचं नाही. इथे कामं पडलीत." मग त्या बसल्या. पण खुर्चीच्या अगदी कडेला, उरलेली जागा काकांसाठी ठेवून.