ओल्या पात्यांवरचं खत

खताचं पोतं उघडलं की त्या उग्र वासासरशी मला विहिरीजवळचा गवताचा वाफा आठवतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायकोच्या माहेरून आलेली आमची गाय नुकतीच व्याली होती. तिला हिरवा चारा भरपूर मिळावा म्हणून मी सोलापूरहून मिठासारखं पांढरं विलायती खत आणलं आणि मुठीऐवजी ओंजळीनं, तेही सकाळी दवानं ओल्या पात्यांवर फेकलं. तिसऱ्या दिवशी वाफा करपला. गाय उपाशी राहणार म्हणून मी तोंड लपवत होतो. बायको विळा घेऊन बांधावर निघाली. "आवं, मुळं जित्ती हायती की! पानी सोडा. तवर मी बांधावरचं कापते." गवत पुन्हा फुटलं. आता म्हातारपणी तिला डोळ्यांनी दिसत नाही, तरी पोत्याच्या वासावर ओट्यावरून विचारते, "दव वाळलं व्हय?" आणि मी शहाण्यासारखा पात्यांवरून हात फिरवून येतो.