व्हिसावर काय आहे?

सुजाता, इकडे ये. अशी जवळ बस, आणि तो फोन उलटा ठेव जरा. तुझ्या कुणालला तू इंटरव्ह्यूच्या क्लासला घातलंस म्हणे, आणि तिथे त्याला पन्नास उत्तरं पाठ करायला दिलीत. आधी मला विचारायचंस तरी. रागावत नाहीये, पण ऐक.

इथे दुबईत, करामा भागातल्या टायपिंग सेंटरमध्ये मी बावीस वर्षं काढली. टायपिंग सेंटर म्हणजे व्हिसा, लेबर कार्ड, कॉलेज, जो लागेल तो अर्ज अरबीत नाहीतर इंग्रजीत भरून देणारं दुकान. मी दहावीपर्यंत शिकलेली. अरबी कीबोर्ड शिकले तो शेजारच्या टेबलावरच्या इजिप्शियन माणसाच्या बोटांकडे बघून बघून. आमच्या कामाला नियम एकच: मूळ कागदावर जे आहे तेच टाइप करायचं. अक्षर बदललं की फाइल परत.

एका दुपारी अजमानहून एक मुलगी आली, ऋतुजा. बारावी झालेली. इथल्याच एका कॉलेजात लॉजिस्टिक्सच्या कोर्सला इंटरव्ह्यू होता, दोन दिवसांवर. लॉजिस्टिक्स म्हणजे माल कुठून उचलायचा, कसा ठेवायचा, कधी पोचवायचा, त्याचं शास्त्र. हा एकच कॉल आला होता तिला. हुकला तर तिला साताऱ्याला काकांकडे पाठवणार होते. मुलीचा जन्म इथला. सातारा तिने सुट्टीत पाहिलेला तेवढाच.

कॉलेजला फॅमिली इन्फॉर्मेशनचा फॉर्म टाइप करून हवा होता. तिच्या ॲडमिशन कन्सल्टंटने तो हाताने भरून दिला होता. वडिलांचा व्यवसाय: लॉजिस्टिक्स मॅनेजर. खाली वडिलांची सही. आणि सोबत जोडलेल्या व्हिसाच्या कॉपीवर काय? लोडिंग-अनलोडिंग वर्कर.

तुला माहीतच आहे, इथे माणसाला दोन प्रश्न विचारतात. काय काम करतोस, आणि व्हिसावर काय आहे. कंपनीला ज्या कामाचा व्हिसा मिळतो त्यावर माणूस येतो, मग हळूहळू दुसरंच करायला लागतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण हे मॅनेजर कुठून आलं?

मी विचारलं, "बाबा नक्की काय करतात गं?"

ती घडाघडा म्हणाली, "माय फादर इज अ सीनियर प्रोफेशनल इन ग्लोबल सप्लाय चेन."

"म्हणजे काय?"

तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"मी पॅनल आहे असं समज. त्यांच्या हाताखाली किती माणसं?"

"आंटी, प्लीज. जस्ट टाइप इट."

मग हळूच म्हणाली, जबल अली बंदरावर वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात. पहाटे कंपनीची बस येते.

माझं डोकंच फिरलं. फॉर्मच्या तळाशी स्वच्छ लिहिलं होतं, ओरिजिनल कागद सोबत आणा, माहिती खोटी निघाल्यास प्रवेश रद्द. कन्सल्टंटला फोन लावला.

तो म्हणाला, "आंटी, आप टायपिस्ट हो ना? तो टाइप करो."

"हबीबी, टाइप करायला आधी वाचावं लागतं. व्हिसा वाचलास का तू?"

"वो सब कौन देखता है? पॅनल इम्प्रेशन देखता है. और मॅनेजर मैंने नहीं लिखवाया. उसके फादर ने बोला."

हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मी फॉर्म टाइप न करताच बाजूला ठेवला आणि मुलीला म्हटलं, उद्या बाबांना घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप, संतोष, आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, राहू द्या ना मॅनेजर. तिच्या वर्गात सगळी ऑफिसवाल्यांची पोरं असणार. तिच्याकडे कुणी खालच्या नजरेने बघायला नको."

"अजून कुणी बघितलंय का? तूच सुरुवात करतोयस." मला आवरलं नाही. "कामाला फोर्कलिफ्ट, व्हिसावर वर्कर, फॉर्मवर मॅनेजर. तीन तीन बाप झाले, पोरीने ओळखायचा कुठला?"

 मीही जरा जास्तच बोलले होते.

ऋतुजा म्हणाली, "पापा, आय डोन्ट नो व्हॉट अ मॅनेजर डझ. आय नो व्हॉट यू डू." आणि सांगायला लागली. जड खोकी खाली का ठेवायची. औषधांचा कंटेनर उन्हाळ्यात उघडला की किती घाईने रिकामा करावा लागतो. आधी आलेला माल मागे अडकला तर काय होतं. बाप रोज जेवताना बोलायचा, ते सगळं तिने साठवलेलं. संतोष तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. मग स्वतःच म्हणाला, "ताई, खरं तेच टाका."

मी नवा फॉर्म टाइप केला. व्हिसावर वर्कर, काम फोर्कलिफ्ट ऑपरेटर. दोन्ही लिहिलं. त्याने सही केली.

इंटरव्ह्यूत पॅनलवरच्या मॅडमने व्हिसा आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवले, बोट ठेवून ताडून पाहिले. मग विचारलं, हाच कोर्स का? तिने खोक्यांचं आणि औषधांचं सांगितलं. दोन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत, तिथे सरळ येत नाही म्हणाली. लगेच काही मिळालं नाही हं, वेटिंग लिस्टमध्ये नाव लागलं. घरात तीन आठवडे साताऱ्याच्या तिकिटाची चर्चा. मग कॉलेजचा ईमेल आला. सीट मिळाली.

आणि पुढचं ऐक. त्याच कन्सल्टंटने ऋतुजाचा फोटो आपल्या जाहिरातीत लावला. "अवर सक्सेस." मी फोन केला. म्हटलं, "फोटो काढून टाक, खलास. नाहीतर तुझ्या हातचा तो मॅनेजरवाला कागद अजून माझ्याकडे आहे." संध्याकाळपर्यंत फोटो गेला.

बावीस वर्षांत मला एवढंच कळलं, सुजाता. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला संपतं. तिसरा प्रश्न पॅनलवाले विचारतातच.

निघालीस? बरं. शनिवारी कुणालला घेऊन ये. पाठांतराची वही घरी ठेव म्हणावं त्याला. आणि शनिवार म्हणजे शनिवार, तुझं 'इन्शाल्ला, बघू' नको.