रापणीचे हात आणि घोड्याचं तोंड

ज्याच्या हाती लगाम, त्याच्या हाती सत्ता, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. ती लिहिणाऱ्यांनी घोड्याच्या तोंडात बोट घातलेलं नसतं. मी घातलं आहे. तिथे सत्तेपेक्षा लाळ जास्त असते.

माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, तोंडवलीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला घोडा आणला. दादा जातिवंत मासेमार. त्याने लगाम धरला तोही रापणीचं जाळं ओढावं तसा, टाचा वाळूत रोवून. थोड्याच दिवसांत घोड्याच्या ओठांचे कोपरे सोलवटले आणि तो चाऱ्याला तोंड लावेना. त्यात माजी सरपंचांच्या मुलाच्या वरातीसाठी दादा शब्द देऊन बसला होता.

शेजारच्या काकांनी उपाय सांगितला, "तुरटी चोळ. तोंड कसा चामड्यासारखा होतला."

"भावजीनू, आधी तुमच्या तोंडाक लावन बघा," दादाची आई, म्हणजे आमची काकी म्हणाली. "गावाचो फायदोच होतलो."

मालवणहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी घोड्याचे दात तपासले आणि तोंडातली लगामाची लोखंडी कडी काढून दादाच्या हातात ठेवली. "जखम भरेपर्यंत ही आत जाणार नाही. कोमट मिठाच्या पाण्याने कोपरे धुवा, चारा मऊ द्या. तुरटी-बिरटी नको. बरं झालं की कडीला कापड गुंडाळून रोज थोडा वेळ सवय करा."

"आणि तोंड घट्ट कसा होतला?" दादाने विचारलं.

"तोंडाचं राहू द्या. तुमचा हात सैल करा."

ही जबाबदारी काकीने घेतली. पायरीवर बसून लगामाचं एक टोक तिने धरलं, दुसरं दादाला दिलं. "गरी टाकून बसतंस तेव्हा मासो नुसतो हुंगलो तरी तुका कळता. तसो धर. अरे हळू, मी काय व्हडी आसंय, वाळूत ओढूक?"

दादाचा हात सुधारला, पण वरातीचा दिवस आला तरी जखम पुरती भरली नव्हती. दादाने तसं सांगितल्यावर माजी सरपंच तापले. "बिनलगामाचो घोडो? आमचो झील काय गाढवार बसतलो? फोटोत लगाम दिसाक होयो."

"दिसतलो," काकी म्हणाली.

वरात निघाली. कडी घरी खुंटीला होती. घोड्याच्या तोंडाभोवती सुती दोरीची मऊ मोहरकी, तिच्यावर झेंडूच्या माळा. मोहरकीची दोरी धरून दादा पुढे, त्याच्या मागे घोडा गुमान चाललेला. वर नवरदेव, छाती काढून, लाल रेशमी लगाम दोन्ही हातांनी ताणून. मांडवापाशी माजी सरपंचांनी माईक घेतला. आज घोड्याचा लगाम हाती घेतलेला आपला चिरंजीव उद्या गावाचाही घेईल, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. तो फोटो आता मोठा करून त्यांच्या ओटीवर लावला आहे.

लगामाचं दुसरं टोक काकीने फुलांखाली खोगिराच्या कडीला बांधलं होतं.