हळद लागलेला लॅपटॉप आणि आवारे सिस्टर

आवारे सिस्टर माझ्या दुकानात शिरल्या की आधी माणसाकडे बघायच्या नाहीत. लॅपटॉपच्या झाकणावरून एक बोट फिरवायच्या, ते उजेडात धरायच्या, आणि मग माझ्याकडे बघायच्या. तेही शेणात भरलेल्या चपलेकडे बघावं तसं.

जामखेडला एसटी स्टँडामागे माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सिस्टर सरकारी दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. लॅपटॉपला जोडलेल्या यंत्राच्या काचेवर बोट टेकवायचं, ठसा जुळला की माणूस जिवंत. नाही जुळला तर पेन्शन बंद. पहिल्या वर्षी सिस्टरांचं एकही बोट जुळेना. मी शहाणपणानं म्हणालो, “सिस्टर, तुमच्या बोटांच्या रेषाच झिजल्यात.”

“माझ्या झिजल्या हात धुऊन धुऊन,” त्या म्हणाल्या. “तुझ्या शाबूत हायत, कारन तू कधी धूतच न्हाईस.”

रांगेतले म्हातारे हसले. मला राग आला, पण त्यांचं खोटं नव्हतं. त्या लॅपटॉपचं ध्यान बघण्यासारखं होतं. नवेपणा टिकावा म्हणून शोरूमचा प्लॅस्टिकचा कागद मी दोन वर्षं काढला नव्हता. त्याच्याखाली धुळीचा थर. दसऱ्याला झाकणावर हळदकुंकू, कीबोर्डवर अक्षता आणि पंख्याच्या जाळीला चिकटून उदबत्ती. पंखा ती राख आत ओढायचा, लॅपटॉप तापून मध्येच बंद पडायचा, आणि मी कंपनीच्या नावानं बोटं मोडायचो. असा मी हुशार.

“हे कुनाचं लगीन लागलंय?” सिस्टरांनी हळदीकडे बोट दाखवलं.

“दसऱ्याची पूजा आहे. तुम्ही चर्चला जाणाऱ्या, तुम्हाला नाही कळायचं.”

“पूजा कर की. पन देवालाबी आधी आंघोळ घालत्यात, मग हळद लावत्यात. एवढं मला चर्चात जाऊनबी कळतं.”

मग त्यांनी पदर खोचला. “बंद कर. चार्जर काढ. पेशंट जागा असताना कुनी चिरतं का?” पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि चष्मा पुसायचं मऊ कापड निघालं. स्पिरिट थेंबभर, तेही कापडावर. लॅपटॉपवर थेट काही ओतायचं नाही. काच पुसायची माझी निळी बाटली त्यांनी दोन बोटांत धरून बाजूला ठेवली. “ही कपाटाच्या काचेला.” स्क्रीन त्यांनी कोरड्या कापडानं, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तशी पुसली. लॅपटॉप उलटा करून हलक्या हातानं थोपटला, तर कीबोर्डमधून अक्षता, शेव आणि नखाचे तुकडे पडले. मी फुंकर मारायला वाकलो.

“फुकू नको, थुकी उडती. ब्रश आन.”

जाळीतून धुळीची वळकटी निघाली. शेवटी ठशाच्या यंत्राची काच पुसली आणि त्यांनी बोट टेकवलं. पहिल्या झटक्यात जुळलं.

“बघ,” त्या म्हणाल्या. “घान तुझ्या काचेवर, आन मेली मी.”

त्यानंतर त्या न सांगता तपासणीला यायच्या. “दिसती ती घान गरीब असती. दिसत न्हाई ती मानूस मारती,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांची ती नजर मलाही चिकटली. कीबोर्डवर भेळ सांडणारे गुरुजी बघितले, पुण्याहून आलेल्या इंजिनिअरच्या स्क्रीनवर पाचही बोटं उमटलेली बघितली, की माझंही नाक आपोआप मुरडतं. एवढाली शिकलेली माणसं, आणि हातातलं यंत्र पुसायची अक्कल नाही.

गेल्या नोव्हेंबरात सिस्टर अंथरुणाला खिळल्या. शनिवारी सगळं दोनदा पुसून मी लॅपटॉप त्यांच्या घरी नेला. पडल्या पडल्या त्यांनी झाकणावर बोट फिरवलं, उजेडात धरलं, आणि काहीच बोलल्या नाहीत. एवढं कौतुक त्यांनी माझं कधीच केलं नव्हतं. बोटं मात्र गार आणि कोरडी. कोमट पाण्यात धरली, टिपली, तेव्हा कुठं एक करंगळी जुळली.

“झाले का जिती?” त्यांनी विचारलं.

“झालात.”

रविवारी दुकान बंद. सोमवारी सकाळी कळलं, सिस्टर रात्रीच गेल्या. मी दुकान उघडलं, यंत्र काढलं. काच तिरपी धरली तर तिच्यावर त्यांच्या करंगळीचा पुसट ठसा. कापड हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

रांगेत पहिला खर्डा गावचा एक म्हातारा होता. त्याचं बोट जुळेना. एकदा, दोनदा, तीनदा. तो कावराबावरा होऊन म्हणाला, “सायेब, म्या हाय की हितं.”

मला माझीच शिसारी आली. कापडावर थेंबभर स्पिरिट घेतलं आणि काच पुसली.