प्रार्थनापुस्तकावरचं नाव

पोरांनो, मागच्या आठवड्यात अकोल्याहून चर्चची स्मरणिका आली. तीत फादरांचा फोटो आहे आणि खाली लिहिलं आहे: मराठी प्रार्थनापुस्तकाचे अनुवादक. फादर वारले त्याला बरीच वर्षं झाली. मी मात्र जिवंत आहे आणि मला राग आला आहे. तुम्ही इतके लांब, तेव्हा तो नीट लिहूनच ठेवते.

लग्नानंतर मी अमरावतीहून अकोल्याला आले. जठारपेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. नागपूरच्या एका इंग्रजी दैनिकाला मी बातम्या पाठवत असे: कापसाचा बाजार, नगरपालिकेच्या सभा, पाणीटंचाई. वर 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच छापून येई. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो नियम सगळ्याच वार्ताहरांना सारखा होता.

मग चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत करायची परवानगी रोमहून आली. फादर परदेशी, त्यांचं मराठी बोलण्यापुरतं. म्हणाले, "बाई, हे काम तुमचंच."

दोन वर्षं मी त्या प्रार्थना मराठीत आणल्या. कॉन्व्हेंटमध्ये बाळापूरची एक बाई स्वयंपाकाला होती. तिला वाचता येत नव्हतं. प्रत्येक ओळ मी तिला वाचून दाखवी. एकदा ऐकून तिला म्हणता आली तर ठेवायची, नाहीतर खोडायची. मृतांसाठीच्या प्रार्थनेत मी 'दिवंगत आत्म्यास चिरशांती प्रदान करावी' असं लिहिलं होतं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"काहून जी बाई, आपण देवाशी बोलून राहिलो का कोर्टात अर्ज देऊन राहिलो?"

"मग तू कसं म्हणशील?"

"देवा, थकून आला हाये, याले तुह्या घरी जागा दे. अजून काय मांगाचं?"

ओळ तशीच ठेवली. फक्त पुस्तकी मराठीत बसवली.

आता माझी चूक. पक्की प्रत देताना पहिल्या पानावर 'अनुवाद' लिहिलं आणि पुढची जागा रिकामी सोडली. आपलं नाव आपणच लिहिणं म्हणजे गर्व, आणि गर्व हे पाप; शनिवारी पापांची कबुली देताना तो पुन्हा फादरांपुढेच सांगावा लागला असता. वाटलं, ते लिहितील. त्यांनी लिहिलं. स्वतःचं.

छापील पुस्तक घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

"देवाच्या कामात नावाचं काय, बाई? नम्रता हवी."

"मग तुमचं कसं आलं?"

"बिशपांना एक नाव लागतं."

"मलाही एक आहे, फादर."

"चहा घेणार?" त्यांनी विचारलं. मी घेतला नाही. पुढच्या आवृत्तीत बघू, म्हणाले. दुसरी निघाली, तिसरी निघाली. तुमचे आजोबा म्हणाले, "जाऊ दे." मी जाऊ दिलं. फादरांपेक्षाही मला त्या जाऊ देण्याचा राग जास्त येतो.

स्मरणिकेच्या संपादकांना पत्र टाकलं आहे; उत्तर नाही. माझी वही कपाटाच्या खालच्या खणात आहे. तिच्यात खोडलेल्या ओळी आहेत आणि त्या बाईच्या पिठाच्या बोटांचे डाग. पहिल्या पानावर आता आम्हा दोघींची नावं आहेत. अकोल्याच्या दफनभूमीत माती टाकताना लोक अजून तीच ओळ म्हणतात.